डोनिंग्टनला बीटीसीसीचा पहिला वीकेंड: बाबांना घेऊन गेले, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

सरळ सांगते, तुम्ही इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये कुठेही राहत असाल, लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी, बर्मिंगहॅम, आणि ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपचा (बीटीसीसी) पहिला वीकेंड अजून एकदाही डोनिंग्टन पार्कच्या रेस सर्किटला जाऊन बघितला नसेल, तर पुढच्या एप्रिलमधला एक रविवार आत्तापासूनच राखून ठेवा. मी २०२२ पासून दर वर्षी जातेय, यंदाचं म्हणजे २०२५ चं चौथं वर्ष, पण यंदा पहिल्यांदाच बाबा सोबत होते आणि त्यांच्यामुळे मला ही रेस नव्याने बघितल्यासारखी वाटली, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. निकाल कोणाचा काय लागला ते तुम्ही आयटीव्ही फोरवर बघितलंच असेल, ते मी परत सांगत बसत नाही. तिथे जाऊन माणसाला काय मिळतं, प्रेक्षक काय बोलत होते आणि पैसे वसूल होतात का, एवढ्यापुरतंच लिहिते.

ज्यांना रेस म्हणजे फक्त एफ-वन माहितीये त्यांच्यासाठी आधी थोडं. टूरिंग कार म्हणजे दिसायला तुमच्या-आमच्या गल्लीत उभी असते तीच गाडी. फोर्ड फोकस, ह्युंदाई आय-थर्टी, टोयोटा कोरोला, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, क्युप्रा लिऑन. आतून सगळं वेगळं असतं, पण दरवाजा, टप, हेडलाइट ओळखीचे. १९५८ पासून ही स्पर्धा चालू आहे, यंदाच्या मोसमात दहा वीकेंड आहेत आणि प्रत्येक वीकेंडला तीन रेस, म्हणजे एकूण तीस. एक रेस साधारण अर्ध्या तासात आटपते. दोन तास एकाच रांगेत फिरणाऱ्या गाड्या बघून कंटाळा येतो असं ज्यांचं म्हणणं असतं ना, त्यांनी तर इथे यायलाच पाहिजे, कारण इथे दरवाज्याला दरवाजा घासतो, आरसे तुटून पडतात आणि दोन सेकंदांत सहा गाड्या येऊन जातात.

बाबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत कारण पुढे त्यांचंच येणार आहे. मूळचे आम्ही मंचरकडचे, बाबांनी टेल्कोत टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, आता रिटायर्ड. माळकरी आहेत. आई गेल्या वर्षी गेली, त्यानंतर घरात एकटेच असायचे, म्हणून मीच बोलवून घेतलं सहा महिन्यांसाठी. इथे आल्यापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. रेसला चला म्हटलं तर आधी नाहीच म्हणाले, "अगं तिकडे सगळी तरणी पोरं असतील, मी म्हातारा काय करू?" मी म्हटलं बाबा, नुसते चला, नाही आवडलं तर दुपारी परत येऊ.

जायचं कसं ते सांगते. डोनिंग्टन पार्क एकदम ईस्ट मिडलँड्स विमानतळाच्या शेजारी आहे, इतकं की सर्किटच्या डोक्यावरून विमानं उतरताना दिसतात. एम-वन मोटरवेवरून जंक्शन २३ए किंवा २४ ला उतरलात की आलंच. गाडी नसेल तर डर्बीहून किंवा लेस्टरहून विमानतळाला जाणारी स्कायलिंक बस कॅसल डोनिंग्टन गावातून जाते, मी पहिल्या वर्षी तशीच गेले होते, थोडं चालावं लागतं पण जमतं. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, चार जणांच्या कुटुंबाला त्यामुळे बराच फरक पडतो. शनिवारी क्वालिफाइंग असतं, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी, गर्दी कमी, तिकीट स्वस्त. पण एकच दिवस जमणार असेल तर रविवार, तीनही रेस रविवारीच असतात. आणि लवकर पोचा, साडेआठ म्हणजे साडेआठ, कारण पहिला प्रश्न असतो बसायचं कुठे.

बसायचं कुठे याला माझं एकच उत्तर आहे आणि ते मी चार वर्षांत बदललेलं नाही. क्रेनर कर्व्ह्ज. पहिल्या रेडगेट वळणावरून गाड्या बाहेर पडल्या की हॉलिवूड नावाच्या वळणावरून खाली उताराला लागतात, डावीकडे वळत वळत पूर्ण वेगात, आणि खाली ओल्ड हेअरपिन नावाच्या वळणाला उजवीकडे. त्या उताराच्या कडेने गवताचा मोठा बांध आहे, खुर्च्या टाकायच्या, सतरंजी टाकायची, समोर सगळा उतार मोकळा दिसतो. खुर्चीचे वेगळे पैसे नाहीत, स्टँडचं तिकीट नाही. एफ-वनचा विश्वविजेता आयर्टन सेना याने इथे १९९३ च्या युरोपियन ग्रांप्रीत पावसात पहिल्याच लॅपला, म्हणजे सर्किटच्या पहिल्याच फेऱ्यात, जो पराक्रम केला, पाचव्या नंबरवरून पहिला, त्यातली एक गाडी त्याने याच उतारावर बाहेरून मागे टाकली होती. मी दर वर्षी इथे बसले की ते एकदा मनात येतंच. सर्किटवर सेना आणि त्याच्या आधीच्या काळातला विश्वविजेता फॅन्जिओ यांचा पुतळा आहे, तोही बघून घ्या.

बाबा खाली बसले, पाय पसरले, उतार बघितला आणि पहिलं वाक्य काय तर, "हा तर घाट आहे गं." आपल्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीचा असतो तो घाट. मी लहान असताना बाबा मला खांद्यावर बसवून जत्रेतल्या बाऱ्या बघायला न्यायचे, पुढे घोडी, मागे बैल, दोन्ही कडेला माणसांच्या भिंती आणि घड्याळाकडे सगळ्यांची नजर. मध्ये काही वर्षं कोर्टामुळे ते सगळं बंद होतं तेव्हा बाबांना फार लागलं होतं, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली तेव्हा त्यांनी मला इथे रात्री फोन करून सांगितलं होतं. इथे बांधावर बसून म्हणाले, आपला घाट चढाचा, यांचा उताराचा, पण माणसं तशीच बसलीत बघ, उठून उभी राहणारी. आणि खरंच, पहिल्या रेसला गाड्या सुटल्या, वरून दिसायला लागल्या तेव्हा अख्खा बांध उभा राहिला आणि बाबा सगळ्यांच्या आधी.

ते पहिले दहा सेकंद शब्दांत सांगता येणार नाहीत पण प्रयत्न करते. आधी काहीच दिसत नाही, नुसता आवाज वरून घरंगळत येतो, मग एकदम सगळा घोळका उतारावर ओतल्यासारखा येतो, तीन-तीन गाड्या शेजारी, मधली गाडी दोन्हीकडून चेपलेली, कोणाचा तरी बंपर हलतोय, आणि सगळे एकाच वेळी गियर बदलतायत त्याचा फटाक्यासारखा आवाज. वास येतो. गरम ब्रेकचा, रबराचा आणि ओल्या गवताचा एकत्र. आणि गेल्या, संपलं, सत्तर सेकंदांनी परत येतात. त्या सत्तर सेकंदांत बांधावरची माणसं एकमेकांशी बोलून घेतात, कोण कुठे होता, कोणी कोणाला ढकललं, आणि मला हा भाग रेसइतकाच आवडतो.

आता लोक काय बोलत होते ते. यंदाचा सगळ्यात मोठा विषय हायब्रिड. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षं या गाड्यांमध्ये कॉसवर्थ कंपनीची हायब्रिड सिस्टिम होती, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर, यंदा ती काढून टाकली आणि त्याऐवजी टर्बो बूस्ट आणलाय, म्हणजे ड्रायव्हरने बटण दाबलं की काही सेकंद टर्बोचा दाब वाढतो आणि गाडी जास्त जोर मारते. माझ्या आसपास बसलेल्यांपैकी मला तरी हायब्रिड परत हवं म्हणणारा एकही भेटला नाही. कारण एकच सांगत होते, वजन. बॅटरी आणि मोटर गेली की गाडी हलकी, आणि हलकी गाडी वळणात कशी जाते ते क्रेनरला उघड्या डोळ्यांनी दिसतं, गाडी जास्त नाचते, ड्रायव्हर जास्त हिमतीने टाकतो. मला स्वतःला पण तसंच वाटलं. गेल्या वर्षी याच जागेवरून बघताना गाड्या रुळावरून गेल्यासारख्या वाटायच्या, यंदा मागचं चाक सुटताना दिसत होतं. निर्णय बरोबर होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा होते, सत्तरीचे असतील, कुत्रा सोबत, फ्लास्कमध्ये चहा. त्यांनी बाबांशी आपणहून बोलायला सुरुवात केली. १९९४ ला व्होल्वोने ८५० ची इस्टेट गाडी, म्हणजे आपण डिकीत सामान भरून गावाला जातो तशी लांबडी गाडी, रेसला आणली होती तेव्हा लोक कसे बघत राहिले ते सांगितलं. १९९८ ला इथेच डोनिंग्टनला नायजेल मॅन्सेल, एफ-वनचा विश्वविजेता, फोर्ड माँडिओ घेऊन पावसात कसा पुढे आला होता ते तर हातवारे करून सांगितलं, तेव्हा ते याच बांधावर बसले होते म्हणे. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, आजोबांचा उच्चार मिडलँड्सचा, मला मध्ये पडून सांगावं लागेल असं वाटलं होतं पण त्या दोघांना माझी गरजच पडली नाही. बाबांनी त्यांना डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांनी खाल्ली, पाणी प्यायले, परत मागितली.

आजोबांची तक्रार एकच, गाड्या कमी झाल्या. सात-आठ वर्षांपूर्वी ३२ गाड्या सुटायच्या, आता ती झुंबड राहिली नाही. हे खरं आहे आणि मलाही खटकतं, मागच्या गाड्यांमधली लढत बघायची मजा त्यावेळी वेगळी असणार. खर्च वाढलाय, छोट्या टीमला परवडत नाही हे सगळे बोलतात. पण पुढच्या दहा-बारा गाड्यांत इतकी चुरस आहे की बांधावर बसलेल्याला उणीव फार जाणवत नाही.

पलीकडे एक ताई होत्या, बर्नास्टनच्या टोयोटा कारखान्यात लाइनवर काम करतात. तो कारखाना इथून अर्ध्या तासाच्या आत आहे आणि कोरोला तिथेच तयार होते, त्यामुळे डोनिंग्टनला कोरोला म्हणजे घरची पोर. यंदा टोयोटाकडून गॉर्डन शेडन परत आलाय, तीन वेळचा चॅम्पियन, २०१२, २०१५ आणि २०१६ चा, त्यामुळे त्या ताई आणि त्यांच्या मैत्रिणी कोरोला आली की हातातलं टाकून ओरडायच्या. बाबांना कळलं की बाई स्वतः लाइनवर आहे, तेव्हापासून तेही कोरोलाच्या बाजूने. मी ॲश सटनची, म्हणजे फोकसवाली, चार वेळचा चॅम्पियन आहे तो, त्यामुळे आमच्यात दिवसभर दोन पक्ष.

मग बाबांचा प्रश्न आला जो दर वर्षी कोणीतरी नवीन माणूस विचारतोच. बूस्ट सगळ्यांना सारखा का नाही? मी सांगितलं की गुणांमध्ये जो पुढे असतो त्याला बूस्ट कमी मिळतो, जो मागे त्याला जास्त, म्हणजे एकच माणूस पळून जाऊ नये. पूर्वी तर वजन टाकायचे गाडीत, २०२१ ला ७५ किलोपर्यंत. बाबा म्हणाले, म्हणजे पहिल्या नंबराच्या पाठीवर पोतं? हो, तसंच. त्यांना ते पटेना. आणि तिसऱ्या रेसचं कळल्यावर तर अजिबात पटेना, कारण तिसऱ्या रेसला पुढचा काही भाग उलटा लावतात. दुसऱ्या रेसनंतर चिठ्ठी काढल्यासारखा एक नंबर काढतात, समजा नऊ निघाला तर नववा आलेला सगळ्यात पुढे उभा राहतो आणि जिंकलेला नववा. बाबा म्हणाले ज्याने मेहनत केली त्याला मागे कशाला ढकलता?

माझं यावर मत असं आहे. चॅम्पियन ठरवायच्या दृष्टीने बाबांचा मुद्दा बरोबर आहे, पण बांधावर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने उलटी रांग हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे. कारण वेगवान गाडीला पुढे यायला पहिल्या लॅपपासून एकेक जागा कमवावी लागते आणि ते सगळं तुमच्या डोळ्यासमोर होतं. आणि पहिल्या वीकेंडचं एक वेगळं महत्त्व आहे ते यातच, मोसमाची पहिली रेस सुटते तेव्हा कोणाच्याच खात्यात एकही गुण नसतो, कोणाच्या पाठीवर पोतं नाही. हिवाळाभर कोणी खरं काम केलंय ते त्या एका रेसमध्ये जसंच्या तसं दिसतं. नंतर ऑक्टोबरपर्यंत सगळं हिशोबाचं असतं. म्हणून मला वर्षातून एकच वीकेंड निवडायचा झाला तर मी शेवटचा निवडत नाही, पहिलाच निवडते.

आता पॅडॉक, म्हणजे सगळ्या टीमचा तळ, जिथे गाड्या ठेवतात आणि दुरुस्त करतात. मी बाबांना खरं तर यासाठीच नेलं होतं. बीटीसीसीला तुम्ही पॅडॉकमध्ये फिरू शकता, जत्रेत तंबूंमधून फिरतो तसं. प्रत्येक टीमचा मोठा ट्रक, त्याला जोडलेला मांडव, आत गाड्या, आणि तुमच्या आणि गाडीच्या मध्ये फक्त एक दोरी नाहीतर पट्टा. एफ-वनला तुम्ही हजारो रुपये मोजा, लाख मोजा, इतक्या जवळ कोणी उभं करणार नाही. मी चाकणला नोकरी करत असताना २०१५ ला ऑफिसच्या लोकांबरोबर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला व्हेंटो कप बघायला गेले होते, मला रेसचा नाद तिथेच लागला, तेव्हा कुंपणाच्या अलीकडून बघतानाही अंगावर काटा आला होता. इथे तर हाताच्या अंतरावर.

पहिल्या रेसनंतर आम्ही आत गेलो तेव्हा एका मांडवापुढे घोळका होता. गाडीचा पुढचा भाग पूर्ण उघडा, बंपर नाही, उजवीकडचं चाक नाही, सस्पेन्शनचा हात, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा दांडा, वाकलेला जमिनीवर पडलेला. दुसऱ्या रेसला थोडाच वेळ बाकी. चार पोरं काम करत होती, कोणी ओरडत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. या गाड्यांमध्ये पुढची-मागची सबफ्रेम, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळ्या टीमना एकसारखेच असतात, एनजीटीसी नावाच्या या स्पर्धेच्या नियमांमुळे, म्हणजे फोर्ड असो की ह्युंदाई, खालचा सांगाडा तोच, त्यामुळे भाग बदलायला सोपं जातं. बाबांना मी हे सांगत होते पण बाबा ऐकतच नव्हते. ते एका पोराचा हात बघत होते.

वीस-बावीस वर्षांचा असेल तो. नवीन हात बसवला, नट फिरवला, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना, लावला, कट असा आवाज आला, आणि लगेच खिशातून पिवळा पेंट मार्कर काढून नटावरून खालच्या धातूवर एक बारीक रेघ ओढली. पुढचा नट. कट. रेघ. पुढचा. एकही नट त्याने रेघेशिवाय सोडला नाही, इतक्या घाईतही, आणि सगळं झाल्यावर दुसरा पोरगा आला आणि त्याने प्रत्येक रेघेवर बोट ठेवत परत मोजलं. बाबा मला हळूच म्हणाले, "आमच्याकडे पण असंच होतं. रेघ नसेल तर मी पुढे सोडायचो नाही. किती जणांच्या शिव्या खाल्ल्यात त्या रेघेसाठी." एवढं बोलून गप्प झाले. मी त्यांच्याकडे बघितलं तर डोळे भरलेले. आई गेल्यापासून कामाबद्दल, कारखान्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

त्या पोराचं काम संपलं, त्याने वर बघितलं, बाबा तिथेच उभे. बाबांनी हाताने टॉर्क रेंच फिरवल्यासारखं केलं, मग हवेत रेघ ओढली आणि अंगठा वर केला. पोरगा हसला, आत गेला आणि बाहेर येऊन तो वाकलेला सस्पेन्शनचा हात दोरीवरून बाबांच्या हातात दिला, बघायला. बाबांनी वेल्डवरून अंगठा फिरवला, उलटा केला, वाकलेल्या जागी नख घासून बघितलं, तडा कुठून सुरू झाला ते मला दाखवलं, वेल्डच्या अगदी कडेला, केसाएवढा. "वेल्ड तुटलेलं नाही बघ, शेजारचं मटेरियल गेलंय. वेल्डरने काम चोख केलंय." मी स्वतः इंजिनियर आहे, रोज हेच काम करते, मला तो तडा दिसला नव्हता. परत दिला, थँक्यू म्हणाले, आणि गाडी वेळेत बाहेर पडली तेव्हा आख्ख्या घोळक्याने टाळ्या वाजवल्या, बाबांनी सगळ्यात जास्त वेळ.

दुपारी पिटलेनमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजपुढच्या रस्त्यावर, चालायला सोडतात, ड्रायव्हर सह्या देतात. गर्दी असते, लहान मुलं टोप्या, कार्ड घेऊन रांगेत. टॉम इंग्रॅम, जेक हिल (२०२४ चा चॅम्पियन), सटन, कॅमिश, सगळे उभे राहून सह्या करतात, मुलांशी बोलतात. सही हवी असेल तर थोडं आधी जाऊन उभे राहा, नाहीतर रांग संपत नाही. आम्ही शेडनची सही मिळवली, बाबांच्या टोपीवर. गांधी टोपी नाही, उन्हाची टोपी.

खाण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. घरून डबा न्या. मी एका व्हॅनवर, नाव घेत नाही, बाबांसाठी व्हेज बर्गर सांगितला, पस्तीस मिनिटं उभे राहिले, त्यात दुसऱ्या रेसची सुरुवात चुकता चुकता राहिली, आणि हातात आला तो गार. वर विचारलं की चिप्स कुठल्या तेलात तळता तर समोरच्याला प्रश्नच कळला नाही, मांसाच्याच तेलात तळत होते. माळकरी माणसाला घेऊन गेल्यावर हे चालत नाही. चूक माझी नव्हती असंही म्हणता येत नाही, विचारून घ्यायला पाहिजे होतं आधी. आम्ही दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, दही, केळी नेली होती, त्यावरच दिवस निघाला. चहा तेवढा विकत घ्यायला हरकत नाही.

कपड्यांचं पण ऐका. एप्रिलचं ऊन बघून स्वेटर गाडीत ठेवाल तर पस्तावाल. बांधावर वारा थेट कानात घुसतो. कानटोपी, पातळ जाकीट आणि बसायला जाड काहीतरी, जमीन ओलसर असते. लहान मुलं असतील तर कानाला लावायचे मफ्स न्याच. बांध उताराचा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्या किंवा वर रेडगेटजवळ बसा, तिथून सुरुवातीचा गोंधळ चांगला दिसतो पण क्रेनरची मजा नाही.

मधल्या वेळात छोट्या रेस असतात, बीटीसीसी भरवणाऱ्या टीओसीएच्या पॅकेजमधल्या. यात जिनेटा ज्युनियर कधी लागली तर उठून जाऊ नका. १४ ते १७ वर्षांची पोरं असतात त्यात, एफ-वनचा लँडो नॉरिस २०१४ ला त्यातूनच आलाय. ज्यांना गाडी चालवायचं लायसन मिळालेलं नाही ती पोरं क्रेनर उतरतात.

तिसऱ्या रेसबद्दल एवढंच सांगते की उलट्या रांगेबद्दल सकाळी वाद घालणारे बाबा त्या रेसला एकदाही खाली बसले नाहीत. मागे पडलेली एक गाडी दर लॅपला एक-एक जागा वर येत होती, बाबा बोटांवर मोजत होते, "आता सहावा... पाचवा आला बघ." शेजारचे आजोबा आणि ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. रेस संपली, मी विचारलं, आता पटलं का? म्हणाले, पटलं नाही, पण बघायला लागतंय.

आणि एक गोष्ट मला नवीन येणाऱ्या प्रत्येकाने बघावी असं वाटतं. रेस संपल्यावर गाड्या हळू एक लॅप मारून परत येतात तेव्हा बांधावरचे लोक आधी ड्रायव्हरला टाळ्या वाजवतात आणि नंतर नारंगी कपड्यातल्या मार्शल लोकांना. झेंडे दाखवणारे, अडकलेली गाडी ओढणारे, तुकडे गोळा करणारे. ही माणसं पगारी नसतात, स्वखुशीने येतात, पहाटेपासून वाऱ्यात उभी असतात. दिवसभरात आमच्या समोरच्या पोस्टवरच्या एका बाईंनी निदान चार वेळा गवतात धावत जाऊन प्लास्टिकचे तुकडे उचलले. बाबांनी कुंपणाशी जाऊन त्यांना नमस्कार केला, हात जोडून, त्यांनी झेंडा काखेत धरला आणि तसेच हात जोडले.

घरी बसून टीव्हीवर बघायचं की जायचं, असं मला ऑफिसमधल्या लोकांनी विचारलं. टीव्हीवर रेस जास्त कळते, हे मान्य. कोण कितवा, कोणाचा बूस्ट किती उरला, कॅमेरा सगळं दाखवतो. बांधावर तुम्हाला सर्किटचा फक्त एक तुकडा दिसतो आणि बाकीचं लोकांच्या आवाजावरून समजून घ्यायचं असतं. पण टीव्हीवर त्या पोराची पिवळी रेघ दिसत नाही. मी पाचपैकी पाच देते, खाण्याचा अर्धा कापला असता पण ते व्हॅनवाल्याच्या खात्यात, रेसच्या नाही.

२०२५ चा मोसम आत्ताच सुरू झालाय. पुढे ब्रँड्स हॅच, स्नेटर्टन, थ्रक्स्टन, आउल्टन पार्क, क्रॉफ्ट, नॉकहिल, आणि २३-२४ ऑगस्टला परत डोनिंग्टन, त्यावेळी लांबचा जीपी ट्रॅक, चार किलोमीटरचा, म्हणजे मेलबर्न हेअरपिन हे वळणपण असेल. ज्यांचं एप्रिलचं हुकलं त्यांनी ऑगस्टचं तिकीट आत्ताच काढा. आमची दोन काढून झाली, बाबांनी परतीचं विमान सप्टेंबरचंच ठेवायला सांगितलंय, आणि त्या आजोबांनी चटणीची एक वेगळी बाटली आणायला सांगितलीये. बांधावर खालच्या बाजूला, ओल्ड हेअरपिनच्या थोडं अलीकडे, निळी सतरंजी दिसली की या.